कारखान्याच्या फाटकाबाहेरचे वर्तन

आठ तासांच्या श्रमाचे वेतन देणाऱ्या मालकाचा कामगाराच्या उरलेल्या सोळा तासांवर कितपत अधिकार पोचतो? एखादा कामगार बाजारात मद्य पिऊन धिंगाणा घालतो, शेजाऱ्यास शिवीगाळ करतो. हे वर्तन निंद्य आहे याविषयी दुमत होणार नाही. परंतु तेवढ्यावरून त्याची भाकरी हिरावून घेता येईल काय?

भारतात या प्रश्नाचा निर्णय मुख्यतः ‘स्थायी आदेशां’च्या आधारे होत आला आहे. कोणती कृत्ये गैरवर्तन समजावीत याची नोंद असलेले हे नियम मालकाने प्रमाणित करून घ्यावेत, असे बंधन १९४६ च्या कायद्याने मोठ्या कारखान्यांवर घातले. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहितेने घेतली. स्थायी आदेश मात्र राहिले आहेत.

सर्वोच्च न्यायालयापुढे १९६४ मध्ये टाटा ऑइल मिल्सचे प्रकरण आले. एका कामगाराने सहकाऱ्यास कारखान्याबाहेर मारहाण केल्याचा आरोप होता. ‘कारखान्यात अथवा कारखान्याबाहेर’ हे शब्द कंपनीच्या आदेशात स्पष्टच होते. तेवढ्यावर निकाल देता आला असता. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी तसे केले नाही. दोन व्यक्तींमधील निव्वळ खाजगी भांडण या शब्दांच्या कक्षेत येत नाही, असे सांगून त्यांनी त्या मारहाणीचे मूळ पाहिले. ते प्रोत्साहन बोनसाच्या योजनेवरील मतभेदात निघाले. भांडण कामाशी निगडित होते, म्हणून बडतर्फी वैध ठरली.

१९७५ च्या मुलचंदानी प्रकरणात याच्या उलट स्थिती होती. आदेशात ‘आवारात’ असा शब्द, आणि मारहाण झालेली आगगाडीत! न्यायालयाने आवाराचा संबंध कृत्याच्या स्थळाशी न लावता, शिस्तीवर होणारा परिणाम जेथे दिसतो त्या स्थळाशी लावला. हा अर्थ चतुर खरा. परंतु तो सर्वत्र लावला तर आवाराला भिंतच उरणार नाही. ती भिंत १९८३ मध्ये ग्लॅक्सो कंपनीच्या प्रकरणात न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी पुन्हा उभी केली. ‘आवारात किंवा त्याच्या लगत’ हे शब्द दंडात्मक तरतुदीतील असल्याने त्यांचा अर्थ काटेकोरपणेच घेतला पाहिजे, असे त्यांनी ठरविले. आमच्या मते हेच योग्य होय. रस्त्यावरील गुन्ह्यासाठी पोलीस आहेत, न्यायालये आहेत. मालक हा काही दंडाधिकारी नव्हे.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याची गोष्ट वेगळी. १९६४ च्या वर्तणूक नियमांनी पदाला अशोभनीय असे काहीही करण्यास त्याला मनाई केली आहे, आणि ती कार्यालय सुटल्यावर संपत नाही.

दुसऱ्या बाजूचा विचार क्वचितच होतो. मालकाच्या जाहीर वर्तनाची किळस आली तर कामगार राजीनामा देऊ शकतो. नोटिशीची मुदत त्याने पाळावी, एवढेच. त्याला आरोपपत्र द्यावे लागत नाही, की मालकाच्या वर्तनाचा कामाशी संबंध सिद्ध करावा लागत नाही. मात्र कामावरून कमी केलेल्यास मिळणारी भरपाई त्याला मिळत नाही, आणि दुसरे काम मिळेपर्यंत घर कशावर चालवावयाचे हे त्याचे त्यालाच पाहावे लागते.