क्रियापदाचा खुंटा कोठे?

एका कागदाच्या चार चिठ्ठ्या करा. त्यांवर 'मी', 'उद्या', 'केळे' आणि 'खाईन' असे एकेक शब्द लिहा आणि वाक्ये जुळवा. 'मी उद्या केळे खाईन.' 'उद्या मी केळे खाईन.' 'केळे मी उद्या खाईन.' पहिल्या तीन चिठ्ठ्या कशाही फिरवा, 'खाईन' मात्र आपली शेवटची जागा सोडत नाही. 'खाईन मी उद्या केळे!' असेही आपण म्हणतो खरे, पण ते आईने चारदा आग्रह केल्यावर, जरा त्रासून!

धुळ्याकडच्या मुलांनी हाच प्रयोग अहिराणीत करावा. 'मना भाऊ वावरमा गया', 'वावरमा मना भाऊ गया'. 'गया' शेवटीच. अहिराणीला व्याकरण नाही, असे कोणी म्हणाले तर त्याच्यापुढे या चिठ्ठ्या ठेवाव्यात. नियम पुस्तकात छापलेला नसला तरी बोलणाऱ्याच्या जिभेवर असतोच.

आता एका दूरच्या भाषेकडे जाऊ. नेदरलँड्समधील ऐंडहोवन, अॅमस्टेलव्हेन अशा शहरांत आज पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. तेथे डच शिकताना त्यांना पहिली ठेच लागते ती क्रियापदाच्या जागेपाशी. आपलेच वाक्य डचमध्ये असे होते:

इक एत मॉर्खन अन बनान.

'इक' म्हणजे मी, 'एत' म्हणजे खातो, 'मॉर्खन' उद्या, 'अन' एक आणि 'बनान' केळे. (यातला 'ख' घशातून खरखरीत काढायचा. उद्याच्या गोष्टीलाही डचमध्ये वर्तमानकाळ चालतो.) आता 'मॉर्खन' पुढे आणू. 'मॉर्खन एत इक अन बनान.' केळे पुढे आणू. 'अन बनान एत इक मॉर्खन.' काय दिसले? बाकीचे शब्द हलले, पण 'एत' दुसऱ्या जागेवरून ढळले नाही. साध्या विधानात डच क्रियापदाचा खुंटा दुसरा!

दुसरा म्हणजे दुसरा शब्द नव्हे. 'अन बनान' हे दोन शब्द आहेत, पण ते मिळून एकच जागा अडवतात. अशा एकत्र वावरणाऱ्या शब्दांना 'पदबंध' म्हणतात. मोजायचे ते पदबंध. नवशिके पुष्कळदा 'मॉर्खन इक एत' असे म्हणून जातात. ही चूक मराठीची नव्हे. आधी शिकलेल्या इंग्रजीचा 'टुमारो आय ईट' हा क्रम तेथे आड येतो.

खरी गंमत पुढेच आहे. वाक्याला 'ओमदात', म्हणजे 'कारण', जोडून ते गौण वाक्य करा:

ओमदात इक मॉर्खन अन बनान एत.

आता शब्दाखाली शब्द मांडा. कारण – मी – उद्या – एक – केळे – खातो. थेट मराठीच! क्रियापद शेवटी जाऊन बसले.

मग डच क्रियापदाचे मूळ घर कोणते, दुसरी जागा की शेवटची? याचा पुरावा एका छोट्या शब्दात सापडतो. 'ऑपबेलन' म्हणजे फोन करणे. 'कारण मी उद्या माझ्या भावाला फोन करतो' याचे डच 'ओमदात इक मॉर्खन मैन ब्रूर ऑपबेल'. पण साध्या विधानात होते 'इक बेल मॉर्खन मैन ब्रूर ऑप'. 'बेल' दुसऱ्या जागी गेले आणि 'ऑप' एकटेच शेवटी उरले. बैल सोडून पुढच्या खुंट्यावर नेला, पण त्याचे दावे जुन्याच खुंट्याला लोंबत राहिले, तसे हे झाले. दावे पाहिले की बैल आधी कोठे होता ते कळते.

यान कोस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने १९७५ साली अशाच पुराव्यांवरून मांडले, की डचचा मूळ क्रम कर्ता, कर्म, क्रियापद असाच आहे आणि साध्या विधानात क्रियापद तेथून पुढे येते. सर्व अभ्यासकांना हे पटलेले नाही. पण दोन वर्षांच्या डच मुलांचे बोलणे ऐकण्यासारखे असते. ती पुष्कळदा 'बूक्ये लेझन', म्हणजे 'पुस्तक वाचणे', असे क्रियापद शेवटी ठेवून बोलतात. दुसरी जागा त्यांना नंतर उमगते.

दुसऱ्या जागेचा हा नियम जर्मन आणि स्वीडिश भाषांतही आहे. आणि आपल्या देशात? काश्मिरीत! मराठीच्याच कुळातली ही भाषा, पण तिचे क्रियापद डचसारखे दुसऱ्या जागी येते.

आता नव्या चिठ्ठ्या करा: 'इक', 'बेल', 'मैन ब्रूर', 'ऑप' आणि 'ना स्खोल' (शाळेनंतर). 'ना स्खोल' पहिल्या जागी ठेवून साधे विधान जुळवा. मग 'ओमदात' आधी ठेवून तीच चिठ्ठी 'इक'च्या मागे सरकवा. उत्तरे अशी: 'ना स्खोल बेल इक मैन ब्रूर ऑप' आणि 'ओमदात इक ना स्खोल मैन ब्रूर ऑपबेल'. दुसऱ्या वाक्यात बैल आणि दावे पुन्हा एकाच खुंट्याला आले का, ते पाहा.