‘मला येत नाही, दाखवता का?’

रात्रीचे साडेअकरा. रूममेट झोपलीय, डोक्यावर फॅन कुरकुरतोय आणि लॅपटॉपवर ‘रेझ्युमे फायनल फायनल ४’ नावाची फाइल उघडी आहे. नाव झालं, मार्क झाले, छंदात ‘वाचन’ टाकून झालं. आता रकाना आला स्किल्सचा. पुढे तीन पर्याय: बिगिनर, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड. खरं तर सेमिस्टरमध्ये एकच असाइनमेंट केलीय, तीही ग्रुपमध्ये. पण बिगिनर लिहिलं तर घेणार कोण? माउस हळूच सरकतो... क्लिक. ॲडव्हान्स्ड!

ओळखीचं वाटतंय? मग करा हात वर. लाजू नका, पहिला हात माझाच आहे.

मागच्या वर्षी मी एका न्यूज चॅनलच्या इंटर्नशिपसाठी अर्ज केला. त्यात ठोकून दिलं, ‘व्हिडिओ एडिटिंग: ॲडव्हान्स्ड’. आमच्या ग्रुपची डॉक्युमेंटरी प्रत्यक्षात एका मित्रानं एडिट केली होती. मी शेजारी बसून ‘इथे कट कर, तिथे म्युझिक टाक’ एवढंच म्हणत होते. आणि चहा आणत होते.

निवड झाली. घरी पेढे वाटले गेले. तिसऱ्या दिवशी हातात फुटेज आलं, भाजीच्या वाढलेल्या भावांवरचं. ‘दीड मिनिटाचं पॅकेज कर. तुला येतंच, तासाभरात दे.’ मी टाइमलाइन उघडली. मंडईतल्या मावशींचे ओठ आधी हलत होते आणि आवाज मागून येत होता. काय करायचं ते कळेना. टेबलाखाली मोबाइल धरून यूट्यूबवर शोधत बसले. गंमत म्हणजे दोन खुर्च्या सोडून एडिटर दादा बसला होता. त्याला विचारलं असतं तर दोन मिनिटांत प्रश्न सुटला असता. पण विचारणार कशी? ‘ॲडव्हान्स्ड’ माणूस असले प्रश्न विचारतो का?

पॅकेज त्या बुलेटिनला लागलं नाही. पुढचे दहा दिवस मी रोज नवं कारण शोधत होते. कधी सिस्टीम हँग, कधी डोकं दुखतंय. हॉस्टेलवर येऊन रात्री दोनपर्यंत ट्युटोरियल बघायचे आणि सकाळी ऑफिसच्या जिन्यातच पोटात गोळा यायचा. जी नोकरी स्वप्नात बघत होते, तिथेच जायची भीती वाटायला लागली.

शेवटी एका संध्याकाळी दादाला सगळं सांगून टाकलं. तो हसला वगैरे नाही. चांगलाच वैतागला. ‘तुझ्यामुळे माझं काम दुप्पट झालं, ते आधी सांगायचं होतंस,’ म्हणाला. कोऑर्डिनेटर मॅडमपर्यंत गोष्ट गेली. उरलेला महिना मला बाइट ऐकून कागदावर उतरवायचं काम मिळालं. पण शिफ्ट संपल्यावर त्याच दादानं खुर्ची ओढून आवाज आणि चित्र जुळवायला शिकवलं. सर्टिफिकेटवर ‘एडिटिंग’ हा शब्द आला नाही. एडिटिंग मात्र आलं.

अठ्ठावीस वर्षांचं ओझं

माझं खोटं दहा दिवसांचं होतं. आता अठ्ठावीस वर्षांचं ऐका. अमेरिकेतल्या एमआयटीचं नाव तुम्हाला सांगायला नको. तिथल्या प्रवेश विभागाच्या प्रमुख होत्या मॅरिली जोन्स. कॉलेज प्रवेशाच्या शर्यतीत मुलांवर येणारा ताण कमी व्हावा, अर्जात सगळं ‘परफेक्ट’ दाखवायची धडपड थांबावी, म्हणून त्या जाहीरपणे बोलायच्या. या विषयावर त्यांनी पुस्तकही लिहिलं होतं. एप्रिल २००७मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. कारण? १९७९मध्ये तिथे पहिल्यांदा नोकरीला लागताना त्यांनी नसलेल्या पदव्या लिहिल्या होत्या.

त्या पहिल्या नोकरीसाठी बहुधा पदवी लागतच नव्हती, असं एमआयटीतर्फे तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे खोटं बोलायची गरजही नसावी! राजीनाम्यात जोन्स यांनी कबूल केलं, की रेझ्युमे दुरुस्त करायचं धाडस नंतर कधीच झालं नाही. विचार करा, त्यांचं काम खरंच चांगलं होतं. बढत्या कामावर मिळाल्या असतील. पण एका ओळीमुळे त्यातलं काहीच निवांतपणे ‘माझं’ म्हणता आलं नसेल. मुलांना ‘ताण घेऊ नका’ सांगणाऱ्या बाईंनी स्वतः केवढा ताण सांभाळला असेल, हे मला त्या दहा दिवसांमुळे थोडंसं कळतं.

मोठ्या पगाराच्या खुर्चीवरही यातून सुटका नाही. मे २०१२मध्ये याहूचे सीईओ स्कॉट थॉम्पसन यांना पद सोडावं लागलं. पदवी अकाउंटिंगची होती, माहितीत मात्र कॉम्प्युटर सायन्सही जोडलेलं होतं. सीईओ होऊन त्यांना जेमतेम चार महिने झाले होते.

डिग्री लपवणारेही आहेत

खोटं नेहमी वाढवूनच बोललं जातं असं नाही. आपल्याकडची एक केस वाचून मी सुन्न झाले. एका राष्ट्रीयीकृत बँकेला शिपाई हवे होते. अट अशी, की उमेदवार बारावी पास हवा, पण पदवीधर नको. एका तरुणानं अर्ज भरला आणि आपण पदवीधर आहोत हे लपवलं. निवड झाली, मग बँकेला कळलं आणि नोकरी गेली. हायकोर्टात निकाल त्याच्या बाजूनं लागला. पण नोव्हेंबर २०२०मध्ये सुप्रीम कोर्टानं बँकेचं म्हणणं मान्य केलं. अट मान्य नव्हती तर तिला आव्हान द्यायचं होतं. माहिती दडवून नोकरी घेता येणार नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

निकाल नियमाला धरून आहे. तरी डोळ्यासमोर येतो तो फॉर्म भरणारा मुलगा. आईवडिलांनी ज्या डिग्रीसाठी पैसे साठवले, ज्या दिवशी फोटो काढले, तीच डिग्री त्यानं नोकरीसाठी लपवली. म्हणून ‘आजची पोरं खोटारडी’ असं कोणी सरसकट म्हणालं की मला राग येतो. जाहिरातीत ‘फ्रेशर हवा’ आणि खाली ‘अनुभव दोन वर्षं’ हे लिहिणारेही थोडा विचार करतील का? घरी एज्युकेशन लोनचा हप्ता, लग्नकार्यात प्रत्येक काकांचा ‘सध्या काय करतेस?’ हा प्रश्न. त्या घाईत माउस सरकतो. मला माहितीये.

पण घाई कितीही खरी असली, तरी फुगवलेली ओळ पुढे निभवायला आपणच असतो.

पकडतात कसं?

आता जरा कामाचं बोलू. ‘कोण बघतंय एवढं’ हा समज सोडून द्या. बऱ्याच कंपन्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं काम बाहेरच्या एजन्सीला देतात. ती एजन्सी युनिव्हर्सिटीकडून मार्कशीट तपासून घेते, आधीच्या कंपनीच्या एचआरला विचारते. अनेक गुणपत्रिका आता डिजिलॉकरवर थेट बघता येतात. आणि पीएफ! तुमच्या यूएएन नंबरवर कुठल्या कंपनीनं कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले, हे सगळं दिसतं. त्यामुळे ‘एक्स्पीरियन्स लेटर मिळवून देतो’ म्हणणाऱ्या कन्सल्टन्सीचा कागद कितीही चकचकीत असला, तरी पीएफचा रकाना रिकामा दिसला की प्रश्न सुरू होतात. शिवाय बनावट कागद तयार करणं आणि तो खरा म्हणून वापरणं हा सरळसरळ गुन्हा आहे. हे सगळं जॉइन झाल्यावर सहा महिन्यांनीही निघू शकतं. तोवर तुम्ही बाइकचा ईएमआय सुरू केलेला असतो!

मग लिहायचं काय?

प्रामाणिक म्हणजे बावळट नव्हे. स्वतःला कमी लेखून लिहायचीही गरज नाही. मी माझा रेझ्युमे पुन्हा लिहिला तेव्हा या गोष्टी उपयोगी पडल्या:

– ‘ॲडव्हान्स्ड’, ‘एक्स्पर्ट’ असली विशेषणं काढा, काय केलंय ते लिहा. ‘एक्सेल: ॲडव्हान्स्ड’पेक्षा ‘गॅदरिंगचा जमाखर्च एक्सेलमध्ये ठेवला’ ही ओळ जास्त बोलते.

– ग्रुप प्रोजेक्टमध्ये तुमचा वाटा कोणता, ते सांगा. मी आता लिहिते, ‘डॉक्युमेंटरीची संहिता आणि मुलाखती’. ते काम खरंच मी केलं होतं आणि बरं केलं होतं. चॅनलला पाठवलेल्या रेझ्युमेत तेच लिहायचं राहिलं होतं!

– गॅप लपवू नका. दोन वर्षं एमपीएससीची तयारी केली असेल तर तसं लिहा. कुणी आजारी आईसाठी घरी थांबलं असेल, तर तेही एका वाक्यात सांगता येतं.

– एटीकेटी होती? रेझ्युमेत मिरवायची गरज नाही, पण कंपनीनं फॉर्ममध्ये विचारलं तर खरं तेच भरा.

– एखादं सॉफ्टवेअर शिकत असाल तर ‘शिकत आहे’ लिहा. आणि मग खरंच शिका!

याने लगेच नोकरी मिळेल? नाही. मलाही खऱ्या रेझ्युमेवर तीन ठिकाणांहून नकार आले. एका ठिकाणी तर ‘एवढंच येतं?’ असं तोंडावर विचारलं. त्या दिवशी बसस्टॉपवर रडले. खोटं सांगणार नाही, तेव्हा जुनी फाइल पुन्हा उघडावीशी वाटली होती.

आनंद कुठे असतो?

मग सगळा खटाटोप कशासाठी? आपण नोकरी शोधतो ती पगारासाठी, हे आहेच. पण त्याच्या आत आपण आनंदही शोधत असतो. सकाळी उठून जावंसं वाटेल, अशी एखादी जागा. माझ्यापुरता मला लागलेला शोध एवढाच, की बाविसाव्या वर्षी नोकरीतला सगळ्यात मोठा आनंद शिकण्यात आहे आणि शिकायचं तर विचारायला लागतं. रेझ्युमेत खोटं लिहिलं की सगळ्यात आधी जातो तो विचारण्याचा हक्क. पकडले जाणं पुढची गोष्ट. जे येतंय असं आधीच सांगून बसलोय, ते शिकवा कसं म्हणणार?

या पेपरात इंटर्न म्हणून आले तेव्हा पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, ‘पान लावता येतं?’ जीभ ‘हो’ म्हणायला तयारच होती. मी आवंढा गिळला आणि म्हटलं, ‘मला येत नाही, दाखवता का?’

मॅडमनी चष्मा वर केला, शेजारची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि म्हणाल्या, ‘बस.’

त्या रात्री हॉस्टेलवर जाऊन मी दहा वाजता झोपले. फॅन कुरकुरत होता. पण झोप लागली.