सेप्सिस, जीवनसत्त्व ‘क’ आणि कऱ्हाडची वाट

कोयनानगर परिसरात वर्षाला सुमारे ५,००० मिलिमीटर पाऊस कोसळतो. भातलावणीत चिघळलेली जखम, लेप्टोस्पायरोसिसचा ताप किंवा न्यूमोनिया, कशातूनही सेप्सिस होऊ शकतो. जंतूंशी लढणाऱ्या शरीराचा तोल जातो, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होऊ लागतात. मोठ्या रुग्णालयासाठी पाटण ओलांडून ५०-६० किलोमीटरवरचे कऱ्हाड गाठावे लागते. अशा ठिकाणी स्वस्त इंजेक्शनने जीव वाचणार असेल, तर त्याचे मोल फार मोठे.

अशी आशा २०१७ मध्ये निर्माण झाली. अमेरिकेतील डॉ. पॉल मॅरिक यांनी सेप्सिसच्या ४७ रुग्णांना जीवनसत्त्व ‘क’, हायड्रोकॉर्टिसोन आणि थायमिन शिरेतून दिले. त्यांपैकी ४ दगावले. हे उपचार सुरू होण्यापूर्वीच्या ४७ रुग्णांपैकी १९ दगावले होते. कल्पनेला शास्त्रीय आधारही होता. माणसाचे शरीर हे जीवनसत्त्व स्वतः बनवू शकत नाही, सेप्सिसमध्ये रक्तातले त्याचे प्रमाण घटते आणि रक्तदाब सावरणारे नॉरअॅड्रेनालिन तयार व्हायला ते लागते.

मात्र तुलना झाली ती दोन वेगळ्या काळांतल्या रुग्णांची. फरक औषधामुळेच पडला, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी कोणाला औषध द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवावे लागते. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि ब्राझीलमध्ये २१६ रुग्णांवर अशी चाचणी झाली. २०२० मध्ये जाहीर झालेल्या तिच्या निकालात या मिश्रणाचा फायदा दिसला नाही. २०२२ च्या ‘लोव्हिट’ चाचणीत ८७२ रुग्णांची निवड झाली होती. त्यात ‘क’ जीवनसत्त्व मिळालेल्यांपैकी ४४.५ टक्के रुग्ण २८ व्या दिवशी दगावलेले किंवा अवयवांसाठी यंत्र-औषधांवर अवलंबून होते. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण ३८.५ टक्के होते. त्याआधीच, २०२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सेप्सिससाठी हे इंजेक्शन न वापरण्याचा सल्ला दिला होता.

याच सूचनांनुसार सेप्सिसने रक्तदाब कोसळला असेल, तर प्रतिजैविक शक्यतो तासाभरात सुरू व्हायला हवे. सोबत सलाइन आणि रक्तदाब सावरणारी औषधे लागतात. कोयनेच्या खोऱ्यात हा तास रस्त्यातच सरतो. म्हणून तापाबरोबर धाप, असंबद्ध बोलणे, थंड पडलेले हातपाय किंवा लघवी कमी होणे दिसले, तर सकाळची वाट पाहू नये, लगेच १०८ ला फोन करावा. जवळच्या आरोग्य केंद्रातही सेप्सिस ओळखून प्रतिजैविकाचा पहिला डोस देण्याची तयारी असायला हवी. डोंगरातल्या रुग्णासाठी नव्या औषधाच्या शोधाइतकीच ही तयारी महत्त्वाची आहे, आणि ती आजच करता येण्यासारखी आहे.