मध्यरात्रीची स्तोत्रे

आधी भय जाते आणि मग माणूस देवाची स्तुती करू लागतो, असा आपला समज असतो. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात क्रम उलटा आहे. तो आज आपण पाहू.

फिलिप्पै या रोमी वसाहतीत पौल आणि सीला यांना फटके मारून आतल्या कोठडीत टाकले, पाय खोड्यात अडकवले. मध्यरात्री ते दोघे प्रार्थना करत होते, स्तोत्रे गात होते. बाकीचे कैदी ऐकत होते. भूकंप झाला तो त्यानंतर. गाताना सुटकेचे चिन्ह कुठेच नव्हते.

आता पुढे बघा. दारे उघडली, बंधने गळाली, तरी हे पळाले नाहीत. घाबरला तो तुरुंगाचा अधिकारी! कैदी पळाले असे समजून तो तलवारीने स्वतःचा जीव घेणार, तोच पौलाने ओरडून त्याला थांबवले. भयातून सुटलेल्या माणसाला दुसऱ्याचे भय दिसते, ते असे.

मग प्रत्येक वेळी भूकंप होतो का? नाही. शेवटच्या भोजनानंतर येशू शिष्यांबरोबर स्तोत्र गाऊनच निघाला, तरी गेथशेमाने बागेत त्याचा जीव व्याकूळ झालाच. क्रूसही टळला नाही. तेव्हा उपासना म्हणजे ताईत नव्हे. भय आपल्याला एकटे पाडते, संकटापलीकडचे काही दिसू देत नाही. उपासनेत आपण तेच भय घेऊन, पण इतरांबरोबर, देवापुढे उभे राहतो.

म्हणून भय जाण्याची वाट न पाहता प्रार्थनेला बसावे. आवाज थरथरला तरी चालतो.