तलवार लाकडी, दरारा खरा

रत्नागिरीच्या गावांत नमन रंगतं तेव्हा गण-गवळणीनंतर वग सुरू होतो. राजा आणि राक्षस समोरासमोर येतात, मृदंगाची लय चढते, तलवारी फिरू लागतात. तलवार लाकडी आहे हे पुढ्यात बसलेल्या पोरांनाही दिसतं. रक्ताचा थेंब सांडत नाही, तरी ती श्वास रोखून बघतात.

खोटी लढाई खरी कशी वाटावी, याच कोड्याशी कल्पनारम्य रोल-प्लेइंग गेम खेळणारे गेली पन्नासेक वर्षं झगडत आहेत. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला. वार लागला की नाही ते फासा ठरवतो. जीव किती उरला ते 'हिट पॉइंट' सांगतात. हा हिशेब अर्नेसननं आरमारी लढायांच्या खेळांतून घेतला होता. आंग्र्यांच्या आरमाराच्या किनाऱ्यावर तो चटकन समजावा: गोळे झेलत गलबत बुडेपर्यंत लढत राहतं. माणसाचं तसं नसतं. या खेळात मात्र एकच पॉइंट उरलेला योद्धा पहिल्याच जोमानं तलवार चालवतो, आणि यावरच वाद पेटला. हिट पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे, त्यात कसब आणि नशीबही आलं, असा खुलासा गायगॅक्सनं 1979 मध्ये केला.

तोवर 1978 मध्ये 'रूनक्वेस्ट' आला होता. त्याचा एक कर्ता स्टीव्ह पेरिन स्वतः मध्ययुगीन लुटुपुटीच्या लढाया खेळलेला. त्याच्या नियमांत वार अडवण्यासाठी वेगळा फासा पडतो, आणि जखम हाताला की पायाला तेही ठरतं. पाय जायबंदी झाला, की योद्धा कोसळतो. इथे भीती खरी वाटते. पण प्रत्येक वाराला फासे वाढतात आणि लढाई रेंगाळते. खेळाडूची नजर शत्रूवरून उठून कागदावर गेली, की कितीही काटेकोर नियम असला तरी रंग उडालाच.

शेजारच्या सिंधुदुर्गातला दशावतार इथे बरंच शिकवतो. त्यात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, संवाद आयत्या वेळचे. युद्ध नाचाच्या अंगानं, पखवाजाच्या बोलांवर चालतं. खऱ्या तलवारबाजीशी त्याचं साम्य थोडंच, पण ते स्वतःचे नियम मोडत नाही आणि लय सोडत नाही. प्रेक्षक गुंततो तो यामुळेच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये आणलेल्या 'राजी' या व्हिडिओ गेमची नायिकाही खांबांवरून झेपावत असुरांशी लढते. तिथेही वास्तवापेक्षा चपळाईचा ठेका महत्त्वाचा.

टेबलावर पखवाजियाचं काम खेळ चालवणाऱ्या गेम मास्टरकडे येतं. 'सात पॉइंट गेले' एवढ्यावर त्यानं थांबू नये. ढालीचा पट्टा तुटला, असं सांगावं. आणि पुढच्या डावात त्या खेळाडूला ढाल उचलू देऊ नये.