बागेच्या कडेच्या ताटव्यांस आच्छादन कोणतें घालावें ?

उन्हाळ्यांत विहिरीचें पाणी खालीं गेलें म्हणजे बागेंत प्रथम उपेक्षा होते ती कडेच्या ताटव्यांची. मुख्य पिकास देऊन पाणी उरलें तरच तें मोगरा, शेवंती व जास्वंद यांच्या वांट्यास येतें. आणि तेंही उघड्या जमिनीवर पडल्यानें त्याचा बराच भाग ऊन व वारा हींच नेतात. हा नाश थांबविण्याचा सर्वांत स्वस्त उपाय जमिनीवर आच्छादन घालणें हा होय. परंतु हातास येईल तें पसरल्यास लाभाऐवजीं हानि होण्याचाही संभव असतो. म्हणून या विषयाचें थोडें विवेचन आम्ही येथें करीत आहों.

आच्छादनाचे प्रकार दोन : कुजणारें व न कुजणारें. कुजणाऱ्यांत देशावर सर्वांत सुलभ तें उसाचें पाचट. पुष्कळ ठिकाणीं तें फडांतच जाळतात. हें खतच जाळणें होय. त्याचे वीतभर तुकडे करून पसरल्यास तें सावकाश कुजून जमिनीस पुष्टि देतें. भाताचा पेंढा ही गुरांची वैरण, ती ताटव्यांत घालण्यास आम्ही सांगणार नाहीं. मात्र गव्हाणींत उरलेलें गवत अवश्य घालावें. भुईमुगाचीं टरफलें दिसण्यास नीटनेटकीं असतात. कोकणांत नारळाचीं सोडणें पालथीं मांडावीं.

लाकडाच्या ताज्या भुशाविषयीं मात्र सावधगिरी पाहिजे. त्यांत नत्र अत्यल्प असल्यामुळें तो कुजविणारे सूक्ष्म जीव मातींतील नत्र ओढून घेतात व झाडें पिवळीं पडतात. म्हणून तो मातींत मिसळूं नये; वरच ठेवावा व त्याखालीं शेणखत किंवा एरंडीची पेंड द्यावी. गाजरगवत वापरावयाचें तर फुलावर येण्यापूर्वींच कापावें. सन १९५५ च्या सुमारास पुण्यास प्रथम आढळलेलें हें तण बियांमुळेंच सर्वत्र पसरलें आहे.

न कुजणाऱ्यांत खडी पुष्कळ वर्षें टिकते. पण ती उन्हानें तापते, जमिनीस कांहीं देत नाहीं व पुढें मातींतून वेंचून काढणें कठीण जातें. कोरफड, निवडुंग यांच्याभोंवतीं ती शोभते. काळें प्लास्टिक ठिबकावरील टरबुजासारख्या पिकास उपयुक्त आहे. परंतु कायमच्या ताटव्यांत तें पावसाचें पाणी अडवितें, लव्हाळा त्यास भोंसकून वर येतो आणि उन्हानें त्याच्या चिंध्या होऊन त्या मातींत राहतात.

आच्छादन पावसाळा संपतां संपतां, जमीन ओली असतांना घालावें. कोरड्या जमिनीवर घातल्यास खालचा कोरडेपणाच राखला जातो. प्रथम हरळी व लव्हाळा मुळांगांठींसह खणून काढावा. थर ३ ते ४ इंच ठेवावा. बुंध्याभोंवतीं २ ते ३ इंच जागा मोकळी सोडावी, नाहींतर साल कुजते. वाळवीसाठीं अधूनमधून थर उचलून पाहावा. अतिवृष्टीच्या प्रदेशांत पावसाळ्यांत तो बुंध्यापासून आणखी दूर ओढावा. वाळलें पाचट लवकर पेट घेतें, म्हणून घर, गंजी वा चूल यांजवळ तें पसरूं नये.

सारांश, जें आपल्याच शेतांत फुकट मिळतें, जें गुरांच्या तोंडचें नाहीं आणि जें शेवटीं मातीच होतें, तेंच आच्छादन ताटव्यास उत्तम, असें आमचें मत आहे. पाचट पेटविण्यापूर्वीं वाचकांनीं त्यांतील चार भारे तरी बागेकडे आणावे.