अडुळशाचा पाला तोडण्याआधी एवढं वाचा



थंडी पडली, कापूस वेचणी चालू आहे आणि घरोघरी खोकला आहे. बांधावरच्या अडुळशाचा पाला आता काढ्यासाठी तोडला जाणार. उपाय जुना आहे, चांगलाही आहे. पण पाला कुठला तोडताय ते आधी बघा.

अडुळसा कडू, म्हणून शेळ्या-गुरं त्याला तोंड लावत नाहीत. त्यामुळे आपण तो कुंपणाला लावतो, आणि राजूर भागात कुंपणाच्या आत बहुतेक कपाशी! फवारा वाऱ्याने त्याच्यावरही उडतो. आंतरप्रवाही कीटकनाशक पानात मुरतं, वरून धुतलं तरी निघत नाही. उकळल्यावर जाईल या भरवशावरही राहू नका. फवारणीच्या शेताकडेचा पाला पोटात घ्यायचा नाही.

काढ्यासाठी एखादं झाड परसात लावा. पावसाळ्याच्या तोंडाला पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी खोचली की लागते, फक्त पाणी साचू देऊ नका. (एकरभर लावायचा विचार असेल तर आधी खरेदीदार पक्का करा.)

अडुळशाच्या पानात वासिसीन नावाचं द्रव्य असतं, त्याने कफ सुटतो. त्याच्यावरूनच ब्रोमहेक्झिन हे औषध तयार झालं. कफाच्या बऱ्याच बाटल्यांवर ते किंवा त्याचंच भावंड अँब्रोक्झॉल लिहिलेलं दिसेल. आजीचं काही चुकत नव्हतं.

मात्र वासिसीनने गर्भाशयही आकुंचन पावतं. म्हणून गरोदर बाईला अडुळसा अजिबात नको, घरातलं कुणी कितीही आग्रह करो. आणि रसात मध घालून देत असाल तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरतंय, थुंकीत रक्त दिसतंय, तर काढ्यावर दिवस काढू नका. टीबी असू शकतो. बेडक्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून महिन्याला १,००० रुपये खात्यात येतात. बँक पासबुक आणि आधार सोबत न्या.

झाड अडुळशाचंच आहे का अशी शंका असेल तर पान आणि फुलाचा फोटो याच नंबरवर पाठवा. फूल पांढरं, दोन ओठांसारखं, खालच्या पाकळीवर जांभळट रेघा.

— कृषी सल्ला, राजूर